जन्मावेळी बाळाला इजा झाली असेल तर: कायदेशीर मदत कशी आणि कोणत्या क्रमाने शोधावी

"बाळ उशिरा रडले", "पोटातच शी केली होती", "शेवटी चिमटा लावून काढावे लागले" अशी वाक्ये बाळंतपणानंतर घरोघरी सांगितली जातात आणि बहुतेक घरांत ती पुढे विसरलीही जातात. मात्र पाच-सहा महिने उलटूनही बाळ मान धरत नसेल, त्याला झटके येत असतील किंवा एक हात खांद्यापासून लुळा पडलेला असेल, तर त्याच वाक्यांचा अर्थ बदलतो. प्रसूतीच्या वेळी कुणाची चूक झाली का, आणि झाली असेल तर बाळाच्या पुढच्या आयुष्याचा खर्च कुणी उचलायचा, हे प्रश्न आईवडिलांना झोपू देत नाहीत. कोर्टाची पायरी कधीच न चढलेल्या महाराष्ट्रातील अशा पालकांसाठी हा लेख आहे.

अशा प्रसंगी बहुतेक कुटुंबे सर्वांत आधी वकील गाठतात, वकील घाईने नोटीस पाठवतो, नोटीस मिळताच रुग्णालय सावध होते आणि त्यानंतर कागद मागण्याची वेळ येते. हा क्रम उलटा आहे. आधी कागद, मग ते कागद वाचणारा डॉक्टर आणि त्यानंतर वकील असा क्रम ठेवला, तर दावा करण्यासारखा आहे की नाही हे पुष्कळदा पैसे खर्च होण्याआधीच कळते. दावा करण्यासारखा नाही, हे कळणेही उपयोगाचेच असते.

बाळाचे उपचार थांबवू नयेत

जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी व थेरपी मोफत होते. खांद्याजवळच्या नसांना ताण बसून हात लुळा पडला असेल तर तो अनेकदा काही महिन्यांत आपोआप सुधारतो; पण सुधारणा दिसत नसेल तर नसांवरील शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या वर्षातच, साधारणपणे तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान घ्यावा लागतो. दाव्यापायी ही वेळ हुकता कामा नये. शिवाय पालकांनीच उपचारांत हयगय केली, असे म्हणायला समोरच्या पक्षाला जागा राहते, हेही लक्षात असू द्यावे.

पहिली पायरी: कागद

डिस्चार्ज कार्ड हाती आहे म्हणजे कागद मिळाले, असा समज सर्वत्र आढळतो. डिस्चार्ज कार्ड हा केवळ सारांश असतो आणि तो शेवटी, सर्व काही घडून गेल्यावर लिहिला जातो. खरा पुरावा त्या-त्या वेळी लिहिलेल्या नोंदींत असतो. आईचा संपूर्ण केसपेपर, कळा, गर्भाशयाचे तोंड उघडणे आणि बाळाचे ठोके यांची वेळेनुसार नोंद असलेला पार्टोग्राफ, ठोक्यांच्या आलेखाच्या पट्ट्या, कळा वाढवण्याचे औषध केव्हा सुरू केले व केव्हा थांबवले हे दाखवणारा औषधांचा तक्ता, परिचारिकांच्या पाळीनुसार नोंदी, संमतिपत्र, सिझेरियन झाले असल्यास शस्त्रक्रियेच्या व भूलतज्ज्ञाच्या नोंदी, असे सारे कागद मागावेत. बाळाचा केसपेपर वेगळा असतो. जन्मानंतर पहिल्या व पाचव्या मिनिटाला बाळाची अवस्था पाहून दिलेले अपगार गुण, बाळाला श्वास देण्यासाठी काय केले याचा तपशील आणि काचेच्या पेटीत ठेवले असल्यास त्या विभागातील नोंदी त्यात सापडतात. ठोक्यांच्या पट्ट्या बहुधा उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात व काही वर्षांत पुसट होत जातात, त्यामुळे त्या हाती येताच त्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत.

कागद मागण्याचा हक्क निर्विवाद आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागद द्यावे लागतात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. रुग्णाला त्याच्याच नोंदींच्या प्रती नाकारता येत नाहीत, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच घेतली होती. अर्ज साध्या मराठीत, आईच्या सहीने, दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारली तर तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा. अर्जात आरोप लिहू नयेत. "बाळाच्या पुढील उपचारांसाठी संपूर्ण नोंदींच्या प्रती हव्या आहेत" एवढे वाक्य पुरते, आणि ते खरेही असते. रुग्णालय शासकीय किंवा महापालिकेचे असेल तर याशिवाय माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व त्याचे उत्तर तीस दिवसांत यावे लागते.

बाळाला जन्मानंतर दुसरीकडे हलवले असेल, तर त्या दुसऱ्या रुग्णालयाने दाखल करून घेताना लिहिलेली पहिली नोंद माझ्या मते सर्वांत मोलाची असते. बाळ किती वाजता आले, कोणत्या अवस्थेत आले, सोबत संदर्भ चिठ्ठी होती का आणि त्यात काय लिहिले होते, हे सारे तिथे अशा व्यक्तीच्या हातचे असते जिला कुणाला वाचवण्याचे कारण नसते. रुग्णवाहिकेची वेळही याच कामी येते, कारण प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि पाठवण्यात झालेला उशीर हाच काही वेळा दाव्याचा गाभा ठरतो.

गरोदरपणातील कागद वेगळ्या ठिकाणी असतात, हे विसरले जाते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने आठव्या महिन्यापर्यंतच्या तपासण्या पुण्याला आणि प्रसूती लातूरला, असे सर्रास घडते. सोनोग्राफीचे अहवाल, माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तदाब व साखरेच्या नोंदी एकत्र कराव्यात. बाळ मोठे आहे किंवा आईला मधुमेह आहे हे आधीच नोंदलेले होते का, यावर पुढे बराच वाद होऊ शकतो.

याच सुमारास घरातील व्यक्तींनी एका वहीत त्या दिवसाचा वृत्तांत वेळेनुसार लिहून काढावा: कळा केव्हा सुरू झाल्या, डॉक्टर प्रत्यक्ष केव्हा आले, रात्री फोन कोणी व किती वाजता केला, सिझरचा निर्णय केव्हा सांगितला. मोबाईलमधील कॉलची नोंद पुसली जाण्यापूर्वी तिचा फोटो घ्यावा. समाजमाध्यमांवर रुग्णालयाचे नाव घेऊन काही लिहू नये. रागाच्या भरात रुग्णालयात तोडफोड किंवा मारहाण झाली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो आणि नुकसानभरपाई मागणारे कुटुंबच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

दुसरी पायरी: ते कागद डॉक्टरकडून वाचून घेणे

इजा आणि हलगर्जीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक पालकांना पचायला फार जड जातो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे कायमचे अपंगत्व) असलेल्या सर्वच मुलांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या वेळी झालेली नसते. अकाली जन्म, गर्भारपणातील संसर्ग, जनुकीय दोष किंवा पोटात असतानाच झालेला मेंदूतील रक्तपुरवठ्याचा बिघाड, अशी कारणेही असतात. बाळाचा खांदा अडकतो तेव्हा कुशल हातांनी सर्व काही योग्य केले तरी नसांना ताण बसू शकतो. न्यायालय विचारते ते असे: त्या परिस्थितीत साधारण कौशल्याचा जबाबदार डॉक्टर जे करील ते येथे झाले का, आणि ते न झाल्यामुळेच ही इजा झाली का? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात हीच कसोटी सविस्तर मांडली आहे.

म्हणून नोंदी घेऊन शक्यतो दुसऱ्या शहरातील प्रसूतितज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. त्यांना "चूक झाली असे लिहून द्या" म्हणू नये. "बाळाचे ठोके मंदावल्याची पहिली नोंद किती वाजताची आहे आणि त्यानंतर काय करायला हवे होते", "एमआरआयमधील इजा प्रसूतीच्या वेळच्या प्राणवायूच्या कमतरतेशी जुळते का", असे नेमके प्रश्न विचारावेत. एका डॉक्टरने दुसऱ्याविरुद्ध लेखी मत देणे दुर्मीळ आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. तोंडी मत मिळाले तरी वकिलाला दिशा मिळते. प्रकरण दाखल झाल्यावर ग्राहक आयोग (अशी बहुतेक प्रकरणे तिथेच चालतात, ते पुढे येईलच) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून अहवाल मागवू शकतो. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे, परंतु ते उघड चुकीच्या प्रकरणांना लागू पडते आणि प्रसूतीतील इजा क्वचितच इतकी उघड असते.

मुदत

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. इजा लगेच दिसत नसेल तर ती कळल्यापासून किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळली असती त्या दिवसापासून मुदत मोजली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेनंतर पोटात गॉज राहिल्याच्या एका प्रकरणात २०१० मध्ये सांगितले. मात्र त्याच प्रकरणातील रुग्ण महिलेने अनेक वर्षे दुखणे सोसूनही चौकशी केली नव्हती, म्हणून तिची तक्रार मुदतबाह्य ठरली. बाळाच्या बाबतीत मेंदूविकारतज्ज्ञाने निदान लिहून दिलेली तारीख महत्त्वाची ठरू शकते, तरीही सुरक्षित हिशेब जन्मतारखेपासूनच करावा. दोन वर्षे उलटली असतील तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, पण त्यात कारण दाखवावे लागते व तो मंजूर होईलच असे नाही.

दिवाणी दाव्यात मुदतीच्या १९६३ च्या कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाला सज्ञान झाल्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षांची सवलत मिळते. "मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत वेळ आहे" असा सल्ला याच तरतुदीवरून दिला जातो. तो अर्धवट आहे. ही सवलत मुलाच्या दाव्याला आहे, आईवडिलांच्या स्वतःच्या मागणीला नाही; ग्राहक आयोगात तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे; आणि नोंदी जपण्याची सक्ती तर तीनच वर्षांची आहे.

कोणत्या दाराने जायचे

खासगी रुग्णालयात पैसे भरून प्रसूती झाली असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ज्याला लोक अजूनही ग्राहक मंच म्हणतात, हाच बहुतेकांचा मार्ग असतो. वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते, हे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले. त्यानंतर १९९८ मध्ये, चुकीच्या इंजेक्शनमुळे एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाल्याच्या प्रकरणात, मूल आणि आईवडील हे दोघेही ग्राहक आहेत असे सांगून मुलाला साडेबारा लाख व पालकांना मानसिक यातनांपोटी पाच लाख रुपयांची भरपाई न्यायालयाने कायम केली. म्हणून तक्रारीत बाळ हे पहिले तक्रारदार आणि आईवडील पुढचे तक्रारदार असावेत. बाळाच्या नावापुढे "अ.पा.क. आई" किंवा "वडील" असे लिहिले जाते, सातबाऱ्यावर दिसणारे अज्ञान पालनकर्ता ते हेच.

कोणत्या स्तरावरील आयोग, हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. रुग्णालयाला भरलेल्या रकमेवरून ते ठरते, आणि ती पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. त्यामुळे एक कोटीची भरपाई मागणारी तक्रारही जिल्हा आयोगात चालू शकते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास दाखल शुल्क लागत नाही. माहेरी बाळंतपण झालेल्या आईसाठी २०१९ च्या कायद्यातील एक बदल मोठाच दिलासा आहे: तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही आता तक्रार करता येते, म्हणजे लातूरच्या रुग्णालयाविरुद्ध पुण्यात दाद मागता येते. दाखल करण्याची सोय ई-जागृती या संकेतस्थळावर आहे.

शासकीय रुग्णालयात सर्वांनाच मोफत सेवा मिळत असेल तर ती सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. काहींकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्ण मात्र कक्षेत येतात. ग्राहक कायद्याची वाट बंद असेल तेथे दिवाणी दावा करता येतो, ज्याआधी शासनाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील लोकांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईऐवजी उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच जवळ आहे. शासकीय रुग्णालय म्हटल्याबरोबर हात टेकू नयेत. चेन्नईच्या शासकीय रुग्णालयात १९९६ मध्ये अकाली जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची आवश्यक तपासणी करायला सांगितले गेले नाही व तिची दृष्टी गेली. तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एकूण सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये देवविले. निकाल आला तेव्हा ती अठरा वर्षांची होती, ही त्या प्रकरणाची दुसरी बाजू.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देऊ शकत नाही. पोलिसांत फिर्याद देण्याचा मार्गही आहे, मात्र फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा अतिशय गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले जाते. दबावासाठी म्हणून केलेली फिर्याद पुढे बंद झाली, तर तो निष्कर्ष भरपाईच्या दाव्यात समोरचा पक्ष दाखवतो.

तिसरी पायरी: वकील

ग्राहक आयोगात वकील देणे बंधनकारक नाही, पण वैद्यकीय प्रकरणात वकिलाविना जाण्याचा सल्ला मी देणार नाही. पैशांची अडचण असेल तर पहिला पत्ता जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा, तालुक्याला तालुका विधी सेवा समितीचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो, म्हणून अर्ज आई व बाळाच्या नावे करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. पॅनेलवरील वकील नेमला गेल्यावर वैद्यकीय प्रकरणांचा अनुभव असलेला वकील मिळावा, अशी विनंती लेखी करावी. मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत यांच्याकडेही प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

स्वतः वकील शोधताना जाहिरातींच्या मागे लागू नये, कारण वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि "पहिल्या क्रमांकाचे वकील" असे सांगणारी पानेच संशयास्पद असतात. त्यापेक्षा खात्रीचा एक उपाय आहे. ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन वाचता येतात आणि प्रत्येक निकालाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे असतात. आपल्या जिल्ह्यातील व राज्य आयोगाचे रुग्णालयांविरुद्धचे दहा-बारा निकाल वाचले की तक्रारदारांच्या बाजूने कोण नियमित उभे राहते आणि रुग्णालयांच्या बाजूने कोण, हे दिसते. असे निकाल वाचल्याने आपल्या प्रकरणात काय सिद्ध करावे लागेल याचीही कल्पना येते. वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तपासता येते.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. प्रसूतीविषयक किती प्रकरणे आपण स्वतः चालवली? नोंदी कोणत्या डॉक्टरकडून वाचून घ्याल? आपण कोणत्या रुग्णालयाचे किंवा डॉक्टरांना विमा देणाऱ्या कंपनीचे काम पाहता का? केसपेपर न उघडताच "पन्नास लाख नक्की" असे सांगणाऱ्या वकिलाचा नमस्कार करून निरोप घ्यावा. "दावा कमकुवत आहे, आधी अमुक कागद आणा" म्हणणारा कामाचा असतो.

फीविषयी स्पष्ट बोलावे. जिंकल्यास भरपाईतील टक्केवारी, असा करार काही परदेशांत रूढ आहे. भारतात वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. एकूण फी, टप्पे, तज्ज्ञाचा खर्च आणि अपिलाची वेगळी फी हे लेखी घ्यावे व प्रत्येक रकमेची पावती मागावी. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये. मूळ कागद घरीच ठेवून वकिलाला झेरॉक्स द्याव्यात.

दाखल झाल्यावर

समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, वाढवून आणखी पंधरा दिवसांत, लेखी कैफियत द्यावी लागते. ती आली की लगेच प्रत घेऊन आपल्या डॉक्टरला दाखवावी, कारण रुग्णालयाने प्रथमच सांगितलेल्या वेळा त्यात असतात आणि त्या आपल्याकडील नोंदींशी ताडून पाहता येतात. कायद्यात काही महिन्यांत निकालाची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात वर्षे जातात. जिल्हा आयोगाच्या निकालावर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते आणि पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

गंभीर इजेची वैद्यकीय प्रकरणे ग्राहक आयोगाच्या मध्यस्थी कक्षाकडे पाठवली जात नाहीत. रुग्णालय बाहेर तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकते, पण न्यायालयात चालू असलेल्या दाव्यात अज्ञान मुलाच्या वतीने होणाऱ्या तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते. "बिल माफ करतो, इथे सही करा" असा कागद पुढे आला तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

भरपाईचा आकडा हवेतून येत नाही. थेरपीच्या पावत्या, औषधे, प्रवास, आईने सोडलेल्या नोकरीचा पुरावा, आयुष्यभर लागणारा मदतनीस, दर काही वर्षांनी बदलावी लागणारी चाकांची खुर्ची, या प्रत्येकाचा हिशेब मांडावा लागतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळते. दाव्याचे काहीही होवो, ते घेऊन ठेवावे.

मंजूर झालेली रक्कम बहुधा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवली जाते आणि पालकांना व्याज काढता येते. मुद्दलातून खर्च करायचा असेल तर अंदाजपत्रकासह अर्ज करावा लागतो. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगत्व असलेले मूल सज्ञान होऊनही स्वतःचे व्यवहार पाहू शकत नसेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. त्या अर्जाचे कागद अठरावा वाढदिवस येण्याआधीच जमवून ठेवावेत, कारण त्या दिवसानंतर "अ.पा.क. आई" या सहीवर बँक पैसे देत नाही.